फाइल दुबईची, भाकरी अजमानची

हेमचंद्र देवस्थळींना ठाऊक नाही अशी एकही गोष्ट या जगात नाही, असा स्वतः हेमचंद्र देवस्थळींचा ठाम समज होता. अजमानच्या नुऐमिया भागातल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये मराठी घरं बरीच, आणि त्यातल्या प्रत्येकाने लिफ्टमध्ये कधी ना कधी त्यांचा फुकटचा सल्ला घेतलेला. भारतात टीव्ही न्यावा का, सोनं किती चालतं, दुबईहून आणलेल्या सोफ्यावर अजमानात टॅक्स पडतो का. विचारलं तर सांगायचेच, न विचारताही सांगायचे. काही मंडळी तर त्यांना लिफ्टमध्ये पाहिलं की सरळ जिन्याने जात. व्यायाम होतो म्हणायचे.

माणूस मूळचा मुलुंडचा. तरुणपणी इथे आला तो दोन वर्षांसाठी. इथे सगळेच दोन वर्षांसाठी येतात. त्या दोन वर्षांत लग्न झालं, मुलगी झाली, ती शाळा संपवून कॉलेजात गेली आणि डोक्यावरचे केसही गेले. संसार तीन अमिरातींत वाटलेला. भाडं परवडतं म्हणून घर अजमानला. बायको साधना शारजाच्या शाळेत गणित शिकवते. आणि यांचं ऑफिस दुबईला, देरा भागात, जिथे खाडीच्या धक्क्याला अजून लाकडी गलबतं लागतात आणि फ्रिजपासून टायरपर्यंत सगळं काही हातगाड्यांवरून त्यांच्यात चढतं. घर ते ऑफिस यांच्यामधल्या गर्दीत आयुष्याचा एवढा काळ गेला होता, की "माझा खरा पत्ता शारजाचा सिग्नल" असं ते नव्या माणसाला सांगत. जुन्या माणसांनी हा विनोद पुष्कळदा ऐकलेला होता.

काम मालाच्या क्लीअरिंगचं. परदेशातून येणारा माल कस्टम्समधून सोडवून द्यायचा. या धंद्यातली दोन सूत्रं ते नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवत. पहिलं, माल ज्या बंदरात उतरला तिथे एकदा ड्युटी भरली की सातही अमिरातींत तो मोकळा. कुणी पुन्हा अडवत नाही. दुसरं सूत्र सांगताना ते बोट वर करत: ऑफिसरने विचारलं तेवढंच सांगायचं. एक शब्द जास्त बोललात की उघडा कंटेनर. या दुसऱ्या सूत्रावर त्यांनी सगळी नोकरी काढली. घरी मात्र हाच माणूस एका शब्दाऐवजी शंभर बोलायचा, ते सोडा.

आता ताजबी. ताजबी मिरजेची. नवरा वारल्यावर शाळकरी मुलगी आईपाशी ठेवून ती दुबईत एका घरी कामाला आली. रीतसर आली, व्हिसा घेऊन. घर मोठं, माणसं त्याहून जास्त, आणि पगार कायम पुढच्या महिन्यात. एक दिवस तिने पिशवी उचलली आणि देरात ओळखीच्या सोलापूरच्या बाईच्या खोलीवर गेली. पासपोर्ट मॅडमकडेच राहिला. मॅडमने पळून गेल्याची तक्रार केली, व्हिसा रद्द झाला, आणि ताजबी या देशात अशी राहू लागली की असूनही नसल्यासारखी. खोलीचं भाडं कमी म्हणून पुढे अजमानला आली आणि एका घरातून दुसऱ्या घरात करत देवस्थळींच्या या मराठी बिल्डिंगची होऊन गेली.

ताजबीची भाकरी ज्यांनी खाल्ली नाही त्यांना काय सांगायचं! पोळपाट नाही, लाटणं नाही, नुसता परातीतला तळहाताचा थप थप आवाज, आणि तव्यावर टम्म फुगलेली ज्वारीची भाकरी. मजल्या-मजल्यावरच्या नोकरदार बायकांची संध्याकाळ त्या आवाजावर चाललेली होती. देवस्थळींनी इतक्या वर्षांत ताजबीला सगळं विचारलं: मिरजेत हळदीचा भाव काय, तंतुवाद्यं बनवणारी घरं किती उरली. कागद तेवढे कधी विचारले नाहीत. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, म्हणून विचारलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

आणि मग ताजबीच्या मुलीला, मुबीनाला, दिवस गेले.

पहिलं बाळंतपण माहेरी. आपल्याकडे हिंदू असो की मुसलमान, याला पर्याय नाही. पण मुबीनाचं माहेर म्हणजे मिरजेतल्या दोन खोल्या, आणि तिथे सांभाळायला होती ती आजी आदल्याच वर्षी गेलेली. सासरची माणसं वाईट नव्हती. ती म्हणाली, माहेरी कुणी नाही तर राहू दे, इथेच करू. मुबीना फोनवर नुसती रडली. ताजबीने हे साधनाला भाकऱ्या थापता थापताच सांगितलं.

"वहिनी, पोरीनं काय मागितलं न्हाई कधी मला. आता पण न्हाई मागत. त्येच लई लागतंय बघा."

साधना तिथेच ओट्याला टेकून उभी राहिली. गणिताची बाई, रडणं तिच्या स्वभावात नाही. पण त्या रात्री जेवताना तिने नवऱ्यापुढे भाकरी ठेवली आणि म्हणाली, "ही बाई मिरजेला गेली पाहिजे. बाळंतपणाच्या आत."

जायचं म्हटलं तर वाट उघडलेली होती. २०२४ चा सप्टेंबर लागला तशी सरकारने माफीची मुदत सुरू केली होती: व्हिसा संपलेल्यांनी पुढे यावं, दंड माफ, बाहेर जाण्याचा परवाना मिळेल आणि परत यायला बंदी नाही. ऑक्टोबरअखेरपर्यंत. पेपरात रोज फोटो येत होते. देवस्थळींनी बातमी कोळून प्यायलेली होतीच.

"सोप्पं आहे," ते म्हणाले. "इथे अजमानलाच सेंटर आहे, दहा मिनिटांवर. उद्या घेऊन जातो."

"पण तिचा व्हिसा दुबईचा होता ना?" साधनाने विचारलं.

"अगं, घोषणा कुणाची? केंद्राची. फेडरल! एकदा फेडरल म्हटलं की सातही अमिरातींत सेम. माल एकदा देशात शिरला की..."

"ती माल नाहीये. आणि एमएच-०२ च्या गाडीचं काम पुण्याच्या आरटीओत होतं का?"

"बाबा, मे बी जस्ट चेक ऑनलाइन?" आभा, म्हणजे त्यांची मुलगी, मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली.

"मला चेक करायला सांगतेस? पंचवीस वर्षं मी या देशाच्या बॉर्डरवर काम करतोय!"

करत होते खरे, पण पेट्यांच्या. माणसांच्या खिडकीशी त्यांचा संबंध कधी आलाच नव्हता. स्वतःचा व्हिसा, बायकोचा, मुलीचा, सगळे कंपनीचा माणूस नेऊन करून आणायचा आणि टेबलावर ठेवायचा. हे मात्र त्या क्षणी त्यांच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ताजबीला गाडीत घातलं. रस्ताभर तिला शिकवलं: सलाम करायचा, नाव सांगायचं, विचारलं तेवढंच बोलायचं. अजमानच्या सेंटरबाहेर गाडी लावली, तिच्या हातात जुन्या व्हिसाची झेरॉक्स दिली आणि म्हणाले, "जा. मी इथेच आहे."

ताजबी खाली उतरली, दोन पावलं गेली, वळून म्हणाली, "दादा, तुमी?"

"अगं, तिथे गर्दी असते. पार्किंगही नाही."

पार्किंग भरपूर होतं. खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती त्यांनी साधनाला पण सांगितली नव्हती. कागद नसलेल्या माणसाला कामावर ठेवणाऱ्याला दंड किती, हे त्यांना पाठ होतं. पन्नास हजार दिरहमच्या खाली बात नाही. म्हणजे आपले साडेअकरा लाख. आत गेलं आणि कुणी विचारलं, ही एवढी वर्षं कुठे काम करत होती, तर? त्यापेक्षा एसी सुरू ठेवून गाडीत बसलेलं बरं. उंटांच्या देशात राहून उंटावरून शेळ्या हाकायची त्यांची ही पहिलीच वेळ होती असंही नाही.

ताजबी लवकरच बाहेर आली. इतक्या लवकर की देवस्थळींना वाटलं काम झालं. पण तिची ओढणी खांद्यावरून घसरली होती, आणि ती गाडीत बसली ती पुढे बघत.

"काय झालं? काय म्हणाले?"

"त्यांनी मशिनीत बघितलं. म्हणले, तू इथली न्हाईस. दुबई, दुबई करत व्हते. पासपोर्ट म्हणले, आणि काय की. मला न्हाई कळलं. मी उठून आले."

"अगं पण कुणाला तरी नीट विचारायचंस ना!"

"विचारलं तेवढंच बोलायचं म्हणला व्हता तुमी," ताजबी म्हणाली.

देवस्थळी चिडले. तिच्यावर नाही, ऑफिसवर. घरी पोचेपर्यंत त्यांनी सरकारी खात्यांचा उद्धार केला आणि संध्याकाळी मराठी मंडळाच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला: केंद्राने माफी द्यायची आणि खालच्यांनी राबवायची नाही, हे काय चाललंय? पुष्कळ अंगठे आले. मदत कुणाची आली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ताजबी यायची बंद झाली.

फोन लागत नव्हता. खोलीवरच्या बायकांनी सांगितलं, असते, पण दार उघडत नाही. तिला वाटतंय आता मशिनीत नाव आलं, कधीही धरून नेतील. बिल्डिंगमध्ये संध्याकाळचा तो थप थप आवाज थांबला. कुणी ब्रेड आणला, कुणी बाहेरून पराठे मागवले. साधना नवऱ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. "आमटी वाढू?" "चावी कुठे?" एवढंच. देवस्थळींना भांडण चालतं, पण हे असलं मोजकं बोलणं सहन होत नाही. आणि तिकडे सासरी मुबीनाचे दिवस भरत आले होते. डॉक्टरांनी नोव्हेंबरचा पहिला आठवडा सांगितला होता. मुदत संपायला आठवडाभर राहिला होता.

अशाच एका दुपारी देराच्या ऑफिसात मुश्ताक टेबलापाशी आला. मुश्ताक पेशावरचा, देवस्थळींच्या हाताखाली तयार झालेला, आता स्वतःच बऱ्यापैकी मुरलेला. प्रदर्शनासाठी तात्पुरती आणलेली एक छपाईची मशीन परत पाठवायची होती. असा माल येताना कस्टम्सकडे डिपॉझिट ठेवावं लागतं आणि माल परत गेला की ते सुटतं.

"हेमूभाई, वो मशीन शारजा से एंट्री हुआ था. अभी तो इधर देरा के गोदाम में पड़ा है. डिपॉझिट का काग़ज़ इधरीच दुबई कस्टम में डाल दूं? नज़दीक पड़ेगा."

"पागल हो गया?" देवस्थळी गरजले. "किधर पड़ा है उससे क्या मतलब? किधर से आया वो देखने का! जिस दरवाज़े से अंदर आया, उसका खाता उसी दरवाज़े पे है. वोही छोड़ेगा. कितनी बार..."

आणि ते थांबले. तोंड उघडंच राहिलं.

मुश्ताक घाबरला. "भाई? तबियत ठीक है?"

"मुश्ताक," देवस्थळी हळूच म्हणाले, "मैं गधा हूं."

मुश्ताकने नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. चहा मागवला.

मग देवस्थळींनी जे दहा दिवसांपूर्वी करायला हवं होतं ते केलं. नीट वाचलं, फोन केले, विचारलं. प्रकरण साधं होतं. देशाची हद्द, ओळखपत्र, परदेशी माणसांच्या फाइली हे सगळं केंद्राच्या खात्याकडे. अजमान, शारजा, अबू धाबी, सगळीकडे तेच खातं. पण दुबईचं स्वतःचं वेगळं खातं. दुबईत उघडलेली फाइल दुबईच सांभाळते आणि दुबईच मिटवते. माफी एक, दारं दोन. ताजबी झोपते अजमानला, भाकरी थापते अजमानला, पण तिची फाइल तिच्या पहिल्या मॅडमच्या घराची, म्हणजे दुबईची. अजमानच्या त्या ऑफिसरने तिला हाकललं नव्हतंच. तो बिचारा तिला वाट सांगत होता, आणि ते ऐकायला तिच्या शेजारी कुणी नव्हतं. शेजारी असायला हवा होता तो माणूस एसीत बसला होता.

हे सगळं देवस्थळींनी त्या संध्याकाळी साधनाला सांगितलं. एसीचं सुद्धा. पन्नास हजारांची भीती सुद्धा.  साधनाने ऐकून घेतलं. "मी म्हटलं होतं" हे वाक्य तिच्या अगदी जिभेवर आलं असणार, पण तिने ते गिळलं. लग्नाच्या इतक्या वर्षांत तिने केलेला हा सगळ्यात मोठा उपकार होता.

"चल," ती म्हणाली, "तिच्याकडे जाऊ."

ताजबीच्या खोलीचं दार साधनाच्या आवाजाला उघडलं. आत दुमजली पलंग दाटीने लावलेले, एका कोपऱ्यात गॅस. ताजबी वाळलेली दिसत होती. देवस्थळींनी उभ्या उभ्या सगळं समजावलं, केंद्र काय, दुबई काय, दार काय. नेहमीसारखं पाल्हाळ लावलं. ताजबी मान खाली घालून ऐकत होती.

"एकदा गेले दादा. बास झालं. आता पोरीचं नशीब."

"ताजबी, चूक माझी झाली. सेंटर चुकीचं होतं. तू बरोबर होतीस, ऑफिसर बरोबर होता, मी चुकलो."

ताजबीने पहिल्यांदा वर बघितलं. बहुधा देवस्थळींच्या तोंडून हे वाक्य ऐकणारी ती बिल्डिंगच्या इतिहासातली पहिलीच बाई असेल. तसं साधनाने घरी ऐकलं होतं, पण तिला तर अजून खात्री पटत नव्हती.

"आत येनार का तुमी?" ताजबीने विचारलं. "गाडीत न्हाई. आत."

देवस्थळींना ते पन्नास हजार दिरहम आठवले.  "येणार," ते म्हणाले.

दुबईचं सेंटर अल अवीरला, शहराच्या बाहेरच्या अंगाला, भाजीच्या मोठ्या मार्केटच्या पलीकडे. तिथे माफीसाठी मोठे तंबू घातलेले होते. आत गारवा होता, पाण्याच्या बाटल्या होत्या, लहान मुलं खेळत होती. देवस्थळींना वाटलं होतं तसं ते ठिकाण दिसेना. नाना देशांची माणसं बसली होती, फिलिपिनो, बांगलादेशी, आफ्रिकेतली, आपली, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव, नाव पुकारलं जाईल की नाही. ताजबीने साधनाचा हात घट्ट धरला होता. साधनाने शाळेत रजा टाकली होती, आणि आभा सुद्धा लेक्चर बुडवून आली होती. कॉलेजच्या बॅगेत तिने सगळ्यांसाठी सँडविच आणले होते. ताजबीने ते खाल्लं नाही, कागदासकट ओढणीखाली धरून ठेवलं.

नाव पुकारलं गेलं. टेबलामागे काळ्या पायघोळ अबायातली तरुण इमिराती ऑफिसर होती. तिने झेरॉक्स घेतली, नंबर टाकला, स्क्रीनकडे बघितलं.

"ताजबी. ओके. दुबई फाइल," ती म्हणाली. मग मागे वळून अरबीत काहीतरी बोलली. एक माणूस आत गेला आणि थोड्या वेळाने पाकीट घेऊन आला. त्यात पासपोर्ट होता. मॅडमने तक्रार देताना तो इथे जमा केला होता आणि तेव्हापासून तो इथेच होता. मुदतही अजून शिल्लक होती. ऑफिसरने तो उघडून ताजबीपुढे धरला. फोटोतली बाई ताजबीपेक्षा बरीच तरुण आणि गालांनी भरलेली होती.

"ये तुम?"

"हां," ताजबी म्हणाली. "मैंच."

बोटांचे ठसे झाले. मग ऑफिसरने देवस्थळींकडे बघितलं. "और तुम? इसके साथ तुम कौन?"

पंचवीस वर्षांचं सूत्र देवस्थळींच्या कानात वाजत होतं. विचारलं तेवढंच. सोबत आलोय म्हणायचं, ओळखीची बाई म्हणायचं, शेजारी म्हणायचं. शब्द तयार होते. पण शेजारी उभ्या असलेल्या ताजबीने त्यांच्याकडे बघितलं, विश्वासाने, आणि आतला कंटेनर आपोआप उघडला.

"मैडम, ये हमारे घर में काम करती है. बहुत साल से. हमारे घर में, हमारी पूरी बिल्डिंग में. रोटी बनाती है. मैं रोज़ खाता हूं. इसके पास काग़ज़ नहीं थे, मुझे मालूम था. मैंने पूछा नहीं. इसकी लड़की को बच्चा होने वाला है. गलती इसकी नहीं, जो दंड है वो मेरा है."

आभाने "बाबा!" म्हणून त्यांची बाही ओढली. साधनाने डोळे मिटले.

 ऑफिसरने पेन खाली ठेवलं.

"बाबा," ती म्हणाली, "मैंने ये पूछा? मैंने पूछा, तुम कौन. टिकट कौन करेगा, एअरपोर्ट कौन छोड़ेगा. ये माफ़ी का तंबू है. इधर हम ये बाकी बात नहीं पूछता."

"टिकट मैं करूंगा. मैं छोड़ूंगा."

"खलास." तिने शिक्का मारला, परवाना पुढे सरकवला. "चौदा दिन. किसी भी एअरपोर्ट से जाओ. दुबई, शारजा, अबू धाबी, जिधर से मर्ज़ी. फिर आना है तो अच्छा व्हिसा लेके आना, इन्शाल्ला." आणि ताजबीकडे वळून म्हणाली, "मबरूक, मुबारक हो. बच्चे को दुआ बोलना."

ताजबीला बाहेर येईपर्यंत रडू आलं नाही. पार्किंगमध्ये गाडीपाशी पोचल्यावर आलं, आणि असं आलं की तिला बॉनेटवर हात टेकून उभं राहावं लागलं. ऊन रणरणत होतं, बॉनेट तापलं होतं, तिला कळलंच नाही. आभाने तिला मिठी मारली. "इट्स ओव्हर, मावशी," ती म्हणत होती, "तुम जा रही हो. यू आर गोइंग होम." साधना मात्र नवऱ्याकडे बघत होती.

"विचारलं तेवढंच सांगायचं, नाही का?" ती म्हणाली.

"हं," देवस्थळी म्हणाले. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. पण किती वर्षांनी असं हलकं वाटत होतं ते त्यांनाच माहीत. 

तिकिटाच्या वेळी पुन्हा वाद झाला. ऑफिसरने कुठूनही जा म्हटलं होतं आणि शारजाहून स्वस्त मिळत होतं. पण देवस्थळी हटून बसले. "दुबईनं आत आली, दुबईनंच जाईल. चान्स घ्यायचा नाही." साधनाने कपाळावर हात मारला आणि दुबईचं काढू दिलं. बिल्डिंगमधल्या प्रत्येक घराने काही ना काही दिलं: झबली, खजूर, बाळंतिणीसाठी डिंक, कुणी एक फोल्डिंग पाळणा. ताजबीच्या बॅगेचं वजन वाढलं तेव्हा देवस्थळींनी स्वतः ती उघडून, पुन्हा लावून, वजनात बसवून दिली. हे काम त्यांना खरंच येत होतं.

ती गेली, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी, ऐन दिवाळीत, बातमी आली: माफीची मुदत दोन महिन्यांनी वाढवली. साधनाने फराळाच्या ताटावरून पेपर नवऱ्यापुढे सरकवला आणि चकली मोडली. देवस्थळींनी बातमी दोनदा वाचली. मग म्हणाले, "मुदत वाढली असेल, मुबीनाची थोडीच वाढणार होती?" यावर मात्र साधना खुदकन हसली. पंधरा दिवसांनी हसली ती.

दरम्यान त्यांनी स्वतःच्या नावावर कामवाल्या बाईसाठी रीतसर व्हिसा काढायचं ठरवलं होतं. त्यासाठी पगाराचा दाखला, घराचा करार, सगळं गोळा करायला लागले. आणि हो, या वेळी आधी खिडकीवर जाऊन विचारून आले, काम नेमकं कुठल्या दारी होईल. ताजबीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "पोरीचा सव्वा महिना होऊ द्या दादा. मग बघू. आता यायचं तर ताठ मानेनं येनार मी."

भाऊबीजेनंतर एका सकाळी व्हिडिओ कॉल आला. ऑफिसला निघायची घाई, बूट एका पायात. स्क्रीनवर आधी नुसतं छत दिसलं, मग पंखा, मग ताजबीचं कपाळ, आणि शेवटी दुपट्यात गुंडाळलेलं एक लालसर, सुरकुतलेलं तोंड. मुलगी होती. नाव अजून ठेवायचं होतं. साधना "दृष्ट काढा गं आधी" म्हणून ओरडत होती, आभा "सो टायनी!" म्हणत होती, आणि सगळे एकदम बोलत होते.

 देवस्थळींनी सवयीने तोच प्रश्न विचारला, जो कुठलाही माल बघितला की ते पहिल्यांदा विचारतात.

"कुठे झाली?"

फोन हलला. ताजबीच्या मागे खाटेवर मुबीना पडली होती, दमलेली, केस कपाळाला चिकटलेले. देवस्थळींनी तिला याआधी कधी पाहिलं नव्हतं. तिने मात्र आईच्या सांगण्यावरून त्यांना ओळखलं.

"माहेरी, मामा," ती म्हणाली. "माझ्या आईजवळ."

देवस्थळींनी मान हलवली, फोन साधनाच्या हातात दिला आणि दुसरा बूट शोधायला खाली वाकले. तो समोरच होता, पण त्यांना बराच वेळ दिसला नाही.